ट्रॉलीबरोबरचं गाणं

लहानूभाऊ ढोके ट्रॉली ओढायचे. सर्जिकल वॉर्डातला पेशंट ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायचा आणि तिथून परत आणायचा, एवढंच त्यांचं काम. आमच्या इस्पितळातला तो व्हरांडा चांगला लांब होता. दुसरे ट्रॉलीवाले तो मिनिटभरात संपवायचे, लहानूभाऊंना चार मिनिटं लागायची. थिएटरचा शिपाई दारातून ओरडायचा, ऑपरेशन करणारे मोठे सर घड्याळ बघायचे, मी वॉर्डाच्या तोंडाशी उभी राहून हातवारे करायची, आणि हे गृहस्थ वरातीत चालल्यासारखे चालायचे. मी तेव्हा नवी स्टाफ नर्स होते आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "लहानूभाऊ, एखादा पेशंट मरून जाईल तुमच्या ट्रॉलीवर." त्यांनी राग मानला नाही. म्हणाले, "बाई, गानं संपू द्या ना. अर्ध्या गान्यात दार लावलं का मानूस अजूक भेते."

गाणं म्हणजे ट्रान्झिस्टरवरचं. सलाइनच्या दांडीला सुतळीने बांधलेला एक जुना ट्रान्झिस्टर पेशंटच्या कानाशी वाजत असायचा. हे साधारण सत्तरच्या आसपासचं सांगते आहे. नागपुरातल्या त्या इस्पितळात तेव्हा पुष्कळशी ऑपरेशनं कमरेखाली भूल देऊन होत. माणूस पूर्ण जागा असायचा. पडद्यापलीकडे आपल्या पोटाचं काय चाललंय ते दिसायचं नाही, पण कात्री ट्रेमध्ये पडल्याचा आवाज यायचा, "स्वॅब मोज" म्हटलेलं ऐकू यायचं, मोठे सर कोणावर खेकसले तर तेही. लहानूभाऊंचं म्हणणं एकच होतं, "तुमी पायाले भूल देता, पोटाले देता. कानाले कोन देते?" हे वाक्य त्यांनी मला, मेट्रनला, मोठ्या सरांना आणि एकदा तपासणीला आलेल्या वरच्या साहेबांनासुद्धा ऐकवलं होतं. साहेब हसले. लहानूभाऊ हसले नाहीत.

दिसायला उंच, किडकिडीत, खाकी हाफशर्टाच्या खिशात सुतळीचा गुंडा. चालताना मान किंचित डावीकडे, ट्रान्झिस्टरच्या बाजूला. गाणं ते स्वतः कधी गुणगुणत नसत. मला याचं नवल वाटायचं. गाण्याचं एवढं वेड, आणि माणसाच्या तोंडून कधी एक ओळ नाही.

रेडिओचं एक होतं, तो आपल्या मर्जीने वाजणार. नरखेडकडचा एक संत्र्याचा बागाईतदार हर्नियासाठी आला होता. दांडगा गडी, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ओठ थरथरायचे. आदल्या दिवशी दोनदा पिशवी उचलून घरी निघाला होता. त्याची ट्रॉली निघाली आणि नेमकं गाणं संपून बाजारभाव सुरू झाले. तूर, सरकी, संत्री. लहानूभाऊ बटण फिरवायला गेले तर त्याने त्यांचं मनगट धरलं. "राहू दे गा. संत्र्याचा आयकू दे." थिएटरमध्ये भूल देणाऱ्या बाईंनी मान हलवून परवानगी दिली, ट्रान्झिस्टर आत गेला, आणि हा पठ्ठ्या पोट उघडं असताना भाव ऐकत पडून राहिला. वॉर्डात परत आणल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मोसंबीचा काय सांगितला? आम्ही सगळ्या हसलो. संध्याकाळी ड्यूटी संपवून जाताना लहानूभाऊ मला म्हणाले, "बाई, मी आतापर्यंत चुकून राहिलो होतो. मी मले आवडते थे गानं लावत होतो."

त्यानंतर त्यांनी कामाची रीतच बदलली. एका पेशंटच्या भावाने जाताना आपला जुना टेपरेकॉर्डर त्यांना देऊन टाकला होता. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी लहानूभाऊ पेशंटचा डबा घेऊन येणाऱ्या माणसाला गाठायचे आणि विचारायचे, "घरी काय आयकते हा?" पेशंटला कधीच विचारायचे नाहीत. पेशंट खरं सांगत नाही, असा त्यांचा अनुभव. एका हेडक्लार्कने मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं होतं, आपण फक्त शास्त्रीय ऐकतो. याच सद्गृहस्थांनी आल्या दिवशी लहानूभाऊंना आडनाव विचारलं होतं आणि मग पाण्याचा ग्लास दुसऱ्या कोणाच्या हातून मागवला होता. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला हा माणूस, त्याला हे काही नवं नव्हतं. मी तापले. लहानूभाऊंनी मलाच दटावलं, "राहू द्या. भेऊन राहिला थो." मग त्यांनी हेडक्लार्कच्या बायकोला गाठलं. ती लाजत म्हणाली, दाढी करताना ते मुलीने लहानपणी म्हटलेलं शाळेतलं बडबडगीत म्हणतात, ती सासरी गेल्यापासून रोज. लहानूभाऊ सायकल हाणत त्या मुलीच्या सासरी गेले, तिच्याकडून ते गाणं टेपात भरून आणलं. व्हरांड्यात ते लागलं तेव्हा हेडक्लार्कने तोंडावर चादर ओढून घेतली आणि चादरीखालून हात बाहेर काढून लहानूभाऊंचा हात धरला, तो थिएटरच्या दारापर्यंत सोडला नाही.

ऑपरेशननंतरही टेप खाटेजवळ यायचा. ड्रेसिंग बदलताना, टाके काढताना, पहिल्यांदा उठवून बसवताना. भूल देणाऱ्या बाई तशा कोणाचं कौतुक करणाऱ्या नव्हत्या, पण एकदा म्हणाल्या, लहानूच्या ट्रॉलीवरून आलेल्या पेशंटची नाडी हातात धरली की मलाच बरं वाटतं. मी स्वतः पाहिलं आहे, दुखण्याची सुई मागायला तोंड उघडलेला माणूस आपल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून "थांबा जरा" म्हणतो. दुखणं जात नव्हतं, उगाच कशाला खोटं सांगू? पण तेवढा वेळ त्या दुखण्याजवळ त्याच्या घरचं कोणीतरी बसलेलं असायचं.

हे सगळं मी असं सांगते आहे, जणू ते सुखाचं होतं. तसं ते नव्हतं.

भिवापूरची एक बाई होती, जनाबाई. मिरच्यांचे देठ खुडायचं काम करायची. गर्भाशयाचं ऑपरेशन होतं आणि ती इतकी घाबरलेली की बोलणंच बंद. तिचा नवरा म्हणाला, घरी ती काही ऐकत नाही, कामावर बायका गाणी म्हणतात तेवढंच. लहानूभाऊ रविवारी एसटीने भिवापूरला गेले, मिरचीच्या ढिगाशी बसले, डोळे लाल करून टेप भरून घेऊन आले. मी ऐकला. गाणं थोडं आणि खोकला फार. मिरचीचा खकाणा घशात जाऊन बायका ओळीओळीला खोकत होत्या. मी म्हटलं, "हे काय आणलं? खोकले कापून तरी टाका." ते म्हणाले, "खोकले तं पाह्यजेच बाई."

ऑपरेशन चालू असताना जनाबाई हसली. मी तिथे होते. पडद्याच्या अलीकडे तिचं तोंड एकदम उजळलं आणि ती म्हणाली, "हे शेवंता खोकलून राहिली. तिले किती सांगतलं, तोंडाले पदर बांध वं." मोठे सरही हसले. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला आणि पाचव्या दिवशी ती गेली. कोणाचं काही चुकलं नव्हतं, तसं त्या काळी होत असे.

लहानूभाऊंची पद्धत अशी की पेशंट बरा होऊन गेला की त्याच्या कॅसेटवर पुढच्याचं गाणं भरायचं. जनाबाईची कॅसेट त्यांनी पुसली नाही. तिच्यावर नाव लिहून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. आणि काही दिवसांनी उमरेडकडची एक बाई आली, तिच्या घरच्यांनी मिरचीवरचं तेच गाणं सांगितलं, तेव्हा लहानूभाऊ म्हणाले, "थे नाई लावता येत. थे गानं गेलं."

"गेलं म्हणजे?"

"जनाबाईसंगं गेलं."

मला राग आला. "लहानूभाऊ, गाणं काय तिच्या बापाचं आहे? सगळ्या तालुक्यात म्हणतात ते."

"म्हनू द्या ना तालुक्याले. मी लावलं का मले तिचंच तोंड दिसते. माह्या तोंडावर दिसते मंग थे. ट्रॉलीवरचा मानूस माह्याच तोंडाकडं पाह्यते बाई, दुसरं काय पाह्यनार थो?"

तेव्हापासून हा त्यांचा नियमच झाला. जो गेला त्याचं गाणं बंद. पंधरा-सोळा वर्षांत सर्जिकल वॉर्डातून किती जण जातात, याचा अंदाज घरी बसलेल्या माणसाला यायचा नाही. सिनेमातली गाणी गेली, भजनं गेली, पाळणे गेले, बुद्धवंदना गेली. एका पोराची पुंगी गेली. डबा भरला, दुसरा आणला. कपाटातून नवी कॅसेट काढताना ते एक क्षण थांबायचे, तेव्हा मला कळायचं की डोक्यात यादी चालू आहे. मी थट्टा करायची, "आता राष्ट्रगीत तेवढं उरलं असेल." ते म्हणाले होते, "थे बी गेलं. एक फौजी होता." मी पुन्हा थट्टा केली नाही.

पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की ते जेवताना तोंड पूर्ण उघडत नाहीत. डब्यातली भाकर भाजीच्या रश्शात अगदी मऊ करून घ्यायचे. आम्हा नर्सेसपासून लपवून ते तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. नागपुरात तो न खाणारा माणूस शोधावा लागेल. मी एक दिवस त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत धरून नेलं आणि म्हटलं, आ करा. दोन बोटंसुद्धा आत जात नव्हती. डाव्या गालात, आतल्या बाजूला, जखम होती. त्यांनी ती कधीच पाहिली होती. इतकी वर्षं इस्पितळात काढलेल्या माणसाला काय सांगायचं?

मोठ्या सरांनी तपासलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि लगेच ऑपरेशनची तारीख दिली. जबड्याचा भाग काढावा लागेल, पण आता काढला तर वाचतील, असं स्पष्ट सांगितलं. त्या तारखेला लहानूभाऊ आलेच नाहीत. दुसरी तारीख दिली. त्या दिवशी ते आले, खाकी कपडे घालून आले आणि दुसऱ्याच पेशंटची ट्रॉली ओढत व्हरांड्यातून गेले. मी त्यांना भिंतीशी अडवलं.

"काहून करून राहिले तुम्ही असं? जीव नको झाला का?"

त्यांनी नजर ट्रॉलीच्या चाकाकडे वळवली. शब्द आता तोंडातच अडकायचे, दोनदा विचारावं लागायचं. म्हणाले, "बाई, मले भेव वाटते."

"सगळ्यांनाच वाटतं. तुम्ही सगळ्यांची भीती घालवता..."

"माह्यासाठी गानंच नाई राह्यलं बाई. कोनतं बी आठवलं का कोनी ना कोनी त्यात पडून राह्यते. मी ट्रॉलीवर पडलो अन् थे सगळे कानात आले, तं मी काय करू?"

मी चिडले, ओरडले, शेवटी रडले. ते "हो बाई, हो" म्हणत राहिले आणि तिसरीही तारीख चुकवली. गाठ मानेत उतरत होती. मोठे सर मला म्हणाले, या आठवड्यात टेबलावर आणता आलं तर आणा, नंतर मी हात लावणार नाही.

मग मला त्यांचीच रीत आठवली. पेशंटला विचारायचं नाही, घरी विचारायचं. मी दुपारची सुट्टी टाकून त्यांच्या वस्तीत गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात जातं. त्यांची बायको पंचफुलाबाई लुगड्याला हात पुसत बाहेर आली. मी विचारलं, "लहानूभाऊ घरी काय ऐकतात?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "घरी? घरी हे कायीच नाई आयकत बाई. घरी आले का चूप. पोरीनं शाळेतलं गानं म्हटलं तरी उठून आंगनात जाऊन बसत. आमच्या घरी रेडू नाई का काई नाई."

मी त्या जात्याजवळच बसले. इस्पितळात सगळ्यांना गाणी वाटणाऱ्या माणसाच्या घरी सोळा-सतरा वर्षं कोणी गायलेलं नव्हतं.

"आणि तुम्ही? तुम्ही नाही म्हणत?"

तिने जात्याकडे पाहिलं. मग सांगू लागली. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. आई दळताना ओव्या म्हणायची. दीक्षा घेतल्यावर आईने ओव्यांतलं देवाचं नाव काढून टाकलं आणि त्या जागी नदीचं नाव घातलं, वैनगंगामाय. त्याच ओव्या घेऊन ही सासरी आली. "लग्न झालं तवा पहाटे मी दळाले बसली का हे उठून येत अन् जात्यापाशी बसत. बोलत नाई, नुसतं आयकत. मंग एक दिवस म्हनाले, 'पंचफुला, आता नको म्हनू.' काहून, थे नाई सांगतलं. मले वाटलं, माहा आवाज नाई आवडत."

"मग?"

"मंग नाई म्हटलं कधी."

मला इतका आनंद झाला की मी तिचे दोन्ही हात धरले. सापडलं होतं. एक गाणं असं होतं, की जे त्या व्हरांड्यात कधीच वाजलं नव्हतं, ज्यात कोणी मेलं नव्हतं. मी तिला सगळं समजावलं. टेप नको, म्हटलं, तुम्ही स्वतःच ट्रॉलीबरोबर चाला आणि म्हणा. ती आधी नाही म्हणाली, विसरले म्हणाली. मग जात्याचा खुंटा नुसता हातात धरला आणि ओवी तिच्या तोंडात आली. आवाज जाडाभरडा, पण सूर सरळ. मी घरी जाताना रस्त्यात स्वतःशी हसत होते, इतकी माझी खात्री होती.

लहानूभाऊंना मी एवढंच सांगितलं की तुमचं गाणं मिळालं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी तारखेला आले. सकाळी नऊला त्यांना हिरवा गाऊन घातला. त्यांची ट्रॉली ओढायला दुसरा माणूस होता, त्याला मी बजावलं, हळू चाल. लहानूभाऊ छताकडे बघत पडले होते आणि बोटं चादरीवर घट्ट आवळलेली होती. वॉर्डाच्या दारातून ट्रॉली बाहेर पडली. पंचफुलाबाई डोक्यावर पदर घेऊन उजव्या अंगाला चालत होती. मी मान हलवली. तिने ओवी धरली.

पहिली ओळ तिने पूर्ण म्हटली. लहानूभाऊंनी डोळे मिटले. त्यांची बोटं सुटली, मी पाहिलं, हाताची शीर सैल झाली, आणि चेहऱ्यावरची भीती उतरली. तिने दुसरी ओळ घेतली, नदीचं नाव आलं, आणि त्यांनी एकदम डोळे उघडले. चादरीखालून हात काढला आणि तिच्या तोंडावर ठेवला.

ट्रॉली थांबली. ते अर्धवट उठून बसले होते. शब्द धड फुटत नव्हते, पण मी त्यांच्या डोक्याशी होते, मला सगळं कळलं.

"हे एक मी इथं आनलं नव्हतं," ते तिला म्हणत होते. "म्हनून तं घरी बी बंद केलं. मी इथूनच येत होतो ना रोज, कोनाचं ना कोनाचं तोंड घेऊन. त्यात नव्हतं मिसळू द्याचं मले. तू नको आनू वं आता. मी वापस नाई आलो, तं हे बी जाईन. मंग तुले घरी काय राहीन?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांनी तिला ते कारण कळत होतं, आणि तेही अशा जागी. बोलणार कशी, हात तोंडावर होता.

"चला गा," लहानूभाऊ ट्रॉलीवाल्याला म्हणाले. "लवकर चला."

त्याने ट्रॉली ढकलली. हात तिच्या तोंडावरून निसटला. उरलेला व्हरांडा तो माणूस जवळजवळ पळतच गेला. लहानूभाऊंनी मान उचलून एकदा मागे पाहिलं, तेव्हा त्यांच्या तोंडावर ती भीती जशीच्या तशी होती, मी कोणत्याही पेशंटच्या तोंडावर पाहिली तशीच, लपवलेली नाही, सावरलेली नाही. मग दार लागलं. मी त्यांना शुद्धीवर पाहिलं ते तेवढंच. मानेतलं फार आत गेलं होतं. टेबलावरून ते वॉर्डात परत आले, पण शुद्धीवर नाही, आणि चौथ्या दिवशी गेले.

दोन-अडीच वर्षांनी पंचफुलाबाई मला डोळ्यांच्या ओपीडीबाहेर बाकावर भेटली. थकली होती. पोरीचं लग्न झालं, म्हणाली, घरी आता एकटीच. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "ओव्या म्हणता का आता?"

"पह्यला शब्द येते बाई," ती म्हणाली. "मंग त्याइचा हात आठवते. अन् बंद होते."

तिचा नंबर पुकारला गेला, ती उठून आत गेली. ती ओवी त्या व्हरांड्यात मी आणली होती, त्यांनी नाही.